मंजी ग्वाल्हेरला शिकवते

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले, आणि परवा मी फोनवर खोटं बोलले. ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण त्याची सुरुवात तुम्ही केली होती.

फोन सरोजजींचा होता, कानपूरहून. त्यांच्या यजमानांचा, शुक्लाजींचा, रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर नमस्कार यायचा, फुलाच्या चित्रासकट. तेरावं झाल्यावर हेमंतने त्यांना दोन ओळी लिहून कळवलं. लगेच बाईंचा फोन. जहाजावर पाच दिवस एका टेबलावर जेवलेली माणसं, एरवी ओळख ना पाळख, पण त्या हुंदके देत होत्या आणि मीच त्यांची समजूत घालत होते. मग त्यांनी विचारलं, "बेटी आ गई थी ना? आपके पास है?"

मी म्हणाले, "हाँ, आ गई थी."

फोन ठेवून वळले तर मागे हेमंत, हातात चहाचा कप. "आई, कौनसी बेटी?" मी म्हटलं, काही नाही, त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. एका फोनमागे दोन खोटी झाली. दिवसभर मी भांडी लावत राहिले, लावलेली परत काढत राहिले. कोणाशी बोलू तेच कळेना. असं काही झालं की मी तुम्हाला विचारायची, आणि तुम्ही पेपर खाली न करता सांगायचात.

हे मराठीत लिहिते आहे ते मुद्दाम. हेमंतला आपलं बोललेलं सगळं समजतं, पण माझं हे गिचमिड अक्षर तो वाचायला बसणार नाही. आणि झाशीत माझ्या ओळखीचं मराठी वाचणारं आता राहिलंय कोण? एक तुम्ही होतात.

जहाजावर जायचं तुमच्या मनात नव्हतंच. हेमंत सिंगापूरहून दोन वर्षं मागे लागला होता, की इकडे या, इथून जहाज निघतं, मलेशिया, थायलंड करून परत इथेच सोडतं, तुम्हाला फक्त बसायचंय. तुम्ही म्हणायचात, चौतीस वर्षं बसूनच काढली, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, आता आणखी कुठे बसू. पासपोर्टासाठी फोटो काढायला बड्या बाजारात गेलो तेव्हाही तुमचं तोंड असं, की फोटोवाल्याने तीनदा सांगितलं, "गार्ड साहब, थोड़ा मुस्कुराइए." शेवटी पल्लवीने फोनवर नुसतं "बाबा, या ना" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात. सुनेला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं नाही.

जहाज बघून मी घाबरले होते. आपल्या स्टेशनाची अख्खी इमारत पाण्यावर ठेवावी तेवढं ते. लोक फोटो काढत पुढच्या टोकाला धावले. तुम्ही एका गणवेशवाल्याला हिंदीत विचारलंत, इसका पिछला हिस्सा किधर है. त्याला काही कळलं नाही. मग तुम्ही हाताने मागे दाखवलंत. पुढचे पाच दिवस तुम्हाला शोधायचं झालं तर मी सरळ मागच्या टोकाला यायची. कठड्याला दोन्ही हात टेकून तुम्ही पाण्यातला पांढरा पट्टा बघत उभे असायचात, अगदी ड्यूटीवर असल्यासारखे.

पहिल्या संध्याकाळी जेवायला आपल्यासारख्या शाकाहाऱ्यांना एका कोपऱ्यात बसवलं. तिथे शुक्लाजी आणि सरोजजी भेटले. ते गणिताचे निवृत्त मास्तर, त्या बोलक्या. डाळ कशी झाली आहे, कुठून आलात, झाँसी में मराठी कैसे, अशा गप्पा. तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील रेल्वेच्या नोकरीने भुसावळहून आले आणि माझं माहेर गुरसरायचं, तिथे आमचे लोक राजेरजवाड्यांच्या काळापासून. मग सरोजजींनी विचारलं, "बच्चे कितने हैं?"

हा प्रश्न मला बत्तीस वर्षं लोक विचारतायत. हेमंत झाल्यापासून माझं उत्तर पाठ आहे, एक मुलगा. मी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्या आधी म्हणालात, "दो. बेटी बड़ी है."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बेटी कहाँ है, त्यांनी विचारलं. तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "ग्वालियर. स्कूल में पढ़ाती है." शुक्लाजी म्हणाले, आमची धाकटी तेहतीसची, तुमची? तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "छत्तीस. सावन में सैंतीस की हो जाएगी."

मंजीचं वय मी दर श्रावणात मोजते. बोटं धरून मोजावं लागतं, मध्येच एखादं वर्ष निसटतं. मला वाटायचं, आपल्या घरात हे मोजणारी मी एकटी. तुम्हाला मोजावं लागलं नाही. हिशेब तुमच्या तोंडात तयार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज क्वालालंपूरच्या बंदराला लागलं, उतरायची घाई चालली होती, तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. मी विचारलं, काल ते काय बोललात? तुम्ही म्हणालात, खोटं काय बोललो, दोन झाली की नाहीत? मी म्हटलं, आणि ग्वाल्हेरला शिकवते ते? तुम्ही दुसऱ्या पायाची नाडी बांधलीत आणि म्हणालात, "कुठेतरी शिकवतच असती." आणि दार उघडून बाहेर पडलात. त्या दिवशी आपण काय बघितलं मला विचारू नका. उंच इमारती होत्या. एका देवळाला खूप पायऱ्या होत्या, त्या मी खालूनच मोजल्या.

भांडण झालं ते पुढच्या बंदराला, पेनांगला. गल्ल्या अरुंद, दुकानासमोर दुकान, मला बडा बाजारच आठवला, फक्त कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. सरोजजी एका कापडाच्या दुकानात शिरल्या, मुलींसाठी ओढण्या बघायला. मला म्हणाल्या, आप अपनी गुड़िया के लिए भी ले लीजिए. मी म्हणणार होते, नको, तिला आवडत नाही. तेवढ्यात तुम्ही मागून आलात, समोरची पिवळी ओढणी बाजूला केलीत आणि निळी उचललीत. म्हणालात, पिवळा तिला शोभत नाही.

मी ती तुमच्या हातातून घेतली, दुकानवालीसमोर ठेवली आणि बाहेर आले. तुम्ही मागोमाग आलात. समुद्राकडे तोंड करून एक बाक होता, तिथे आपण बसलो. मी काय काय बोलले ते तुम्ही ऐकून घेतलंत. बत्तीस वर्षं घरात तिचं नाव काढू दिलं नाहीत, मी काढलं की उठून जायचात, हेमंतला बहीण होती एवढंच माहीत, आणि इथे परक्या माणसांसमोर तिच्या ओढणीचा रंग ठरवता? साडेचार वर्षांच्या पोरीला काय शोभतं हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही एवढंच म्हणालात, "इथे तिला कोणी ओळखत नाही ना, म्हणून."

मला ते तेव्हा समजलं नाही. आता समजतं असंही म्हणवत नाही.

मंजी गेली तो दिवस आपण दोघांनी दोन तऱ्हांनी लक्षात ठेवला होता. मंजीला दोन दिवस ताप. तिसऱ्या सकाळी रेल्वे कॉलनीतल्या आपल्या दारात तुमच्या ड्यूटीचा निरोप घेऊन माणूस उभा, पुस्तक पुढे केलेलं, सही केली की गाडीवर जायचं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुढे मी काय म्हणाले, भांडण त्याचं. तुम्ही सही करून गेलात. दुपारनंतर ताप डोक्यात गेला, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. तुमची मालगाडी तेव्हा कुठल्या कुठे पोचली होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलात, तोवर गुरसरायहून माझ्या दादांनी येऊन सगळं उरकलं होतं. तुम्ही आत आलात, बूट न काढता स्वयंपाकघरात गेलात आणि पाणी प्यायलात. ते पाणी पिणं मी तुम्हाला कितीतरी वर्षं माफ केलं नाही. माणसाला तहान लागते, हे मला कळायला फार वेळ लागला.

वर्षभराने एकदाच आपण त्यावर बोललो. तुम्ही म्हणालात, तूच म्हणालीस जा. मी म्हटलं, मी म्हणाले जाऊ नका. तुम्ही जा म्हणत राहिलात, मी जाऊ नका म्हणत राहिले. मग तुम्ही सायकल काढून निघून गेलात आणि तो विषय बंद झाला. माझ्या आईने मंजीचे फोटो उचलून गुरसरायला नेले होते, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. ते आपण कधी परत मागवले नाहीत.

पण पेनांगनंतरच्या फुकेतचं मी तुम्हाला सांगितलं नाही. तिथे आपण चौघं वाळूवर खुर्च्या टाकून बसलो होतो, नारळपाणी पीत. शुक्लाजी आणि तुम्ही पाण्यात पाय बुडवायला गेलात. सरोजजी मुलींबद्दल सांगत होत्या, की धाकटीला स्वयंपाकाचं अजिबात वेड नाही, नुसती पुस्तकं. मग विचारलं, आपकी वाली खाना बनाती है? आणि मी म्हणाले, "नहीं, उसका भी यही हाल है. चाय तक ठीक से नहीं बनाती."

कोणी मला बोलायला लावलं नव्हतं. ते आपसूक आलं. मग थांबलंच नाही. ती उंच झाली, तुमच्यावर गेली. केस माझे. लग्न करायचं नाही म्हणते, मी आता बोलणं सोडलं. शाळेतल्या मुलांवर रागावते पण मुलं तिच्यामागे फिरतात. मी बोलत होते आणि मला ती दिसत होती, ग्वाल्हेरच्या कुठल्याशा शाळेच्या फाटकातून खांद्याला पिशवी लावून बाहेर येताना. मला आनंद झाला होता, अहो. त्या वाळूवर बसून मला इतका आनंद झाला की त्याची भीती वाटली. तुम्ही परत आलात तेव्हा सरोजजी हसत म्हणाल्या, भाईसाहब, तुमची मुलगी तुमच्यासारखीच जिद्दी दिसते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नारळात बघत राहिले.

त्यानंतर जेवताना आपण दोघंही बोलायचो. तुम्ही एक सांगायचात, मी त्यात भर घालायची. तिला मोटार शिकवताना तुम्ही घाबरलात, असं तुम्ही सांगितलंत. तुम्हाला स्वतःला कुठे मोटार येत होती? पण मी म्हटलं, हो, फाटकालाच धडकवली. शुक्लाजी हसले. मला वाटत होतं, मी हे तुमच्यासाठी करते आहे. तुम्हाला उशिरा का होईना सुचलंय, आपण साथ द्यावी.

शेवटचा दिवस सगळा समुद्रातच गेला. दुपारी मी तुम्हाला शोधत मागे आले. ऊन होतं, वाराही होता. मी शेजारी उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी तू म्हणाली होतीस, जाऊ नका. मी गेलो."

एवढंच. त्याला काही आगापिछा नव्हता. बत्तीस वर्षं जो शब्द तुम्ही धरून बसला होतात तो तुम्ही सोडून दिलात. आणि मी तुमच्या हातावर हात ठेवला, जसं काही माझं येणं मला मिळालं.

झाशीला आलो आणि जहाजावरची ती मुलगी जहाजावरच राहिली. ना तुम्ही तिचं नाव काढलंत ना मी. ओरछा गेटजवळच्या आपल्या घरात कोळ्यांनी जाळी केली होती, ती काढली. तुम्ही शेजाऱ्यांना क्वालालंपूरच्या इमारतींचे मजले सांगत बसायचात. पाच आठवडे असे गेले. एकदा तुम्ही दाढी करता करता थांबलात, आरशातून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता काहीतरी म्हणणार. तुम्ही म्हणालात, टॉवेल दे. आणि एका सकाळी आंघोळ करून बाहेर आलात, छातीला हात लावलात, खुर्चीत बसलात. नंतरचं सगळं तुमच्याशिवाय झालं.

काल हेमंतला सांगितलं. तो परवापासून माझ्याकडे तसाच बघत होता, मला भ्रम झालाय की काय अशा नजरेने. त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, जहाजापासून मागे दारातल्या त्या माणसापर्यंत. तो म्हणाला, "आई, मुझे तो आपने फोटो भी नहीं दिखाया कभी." मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मराठीत वाक्य जुळवलं, "ती माझी पण होती ना?" तीस वर्षांचा घोडा, तुमच्यासारखा ओठ आत ओढून बसला होता. मी फोन उचलला आणि सरोजजींना लावला. म्हटलं, एक तरी गोष्ट सरळ करू.

मी त्यांना सांगितलं की परवा मी खोटं बोलले. आमची मुलगी ग्वाल्हेरला नाही. ती साडेचार वर्षांची असतानाच गेली.

त्या अगदी हळू म्हणाल्या, "हमें मालूम है, बहनजी. भाईसाहब ने बता दिया था."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फुकेतहून जहाजावर परतलो त्याच संध्याकाळी, म्हणे, तुम्ही शुक्लाजींना बाजूला घेतलंत. सगळं सांगितलंत. आणि त्यांना हात जोडलेत. सरोजजींनी तुमचे शब्द मला तसेच्या तसे सांगितले: "ये आज बत्तीस साल बाद उसकी बात कर रही हैं. आप लोग टोकिएगा मत. पूछते रहिएगा."

म्हणून त्या विचारत राहिल्या. प्रत्येक जेवणाला. परवा फोनवरही. म्हणाल्या, मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

मी फोन खाली ठेवला तेव्हा हेमंत विचारत होता, काय म्हणाल्या. मला सांगता येईना. मी तुमच्यासाठी बोलत होते. तुम्ही माझ्यासाठी बोलत होतात. ते दोघं भले लोक आपल्या दोघांसाठी विचारत होते. मग पहिल्या संध्याकाळी "दो" म्हणालात ते कोणासाठी? तेव्हा तर मी गप्पच होते. तुमच्या स्वतःसाठी म्हणालात, की मी काय करते ते बघायला? कालपासून मी याच एका गोष्टीशी अडून बसले आहे. कधी वाटतं, किती मोठं मन तुमचं. कधी राग येतो, की परक्या माणसाला हात जोडलेत, मला नुसतं म्हणायचं होतंत, शालू, तिच्याबद्दल बोल. मी बोलले असते. की नसते? तेही माहीत नाही.

हेमंत आज सकाळच्या बसने गुरसरायला गेलाय. दादांकडून फोटो घेऊन येतो म्हणाला. रविवारी त्याचं सिंगापूरचं विमान आहे, त्याच्या आत त्याला ते हवेत. घरात मी एकटी आहे, आणि जे तुम्हाला जहाजावर सांगायचं राहिलं ते आता सांगते.

दारात तो माणूस उभा होता तेव्हा मी त्याच्यासाठी चहा टाकला होता. एवढं मला स्वच्छ आठवतं, आधण ठेवलं, साखर घातली. जाऊ नका म्हणणारी बाई त्याला चहा कशाला करेल? पण तुमचा डबा मी भरला नव्हता, तुम्ही तसेच गेलात, तेही आठवतं. जा म्हणणारी बाई नवऱ्याला उपाशी पाठवेल? मी रोज या दोन गोष्टी समोरासमोर ठेवते आणि मधला शब्द ऐकायचा प्रयत्न करते. ऐकू येत नाही. माझा आवाजच ऐकू येत नाही.

वर्षभराने तुमच्याशी भांडताना मी इतकं छातीठोक बोलले, कारण तेव्हा मला कोणावर तरी ते टाकायचं होतं. नंतर ते तसंच राहिलं, आणि पुढे मला ते खरंच वाटायला लागलं. त्या दुपारी कठड्याशी तुम्ही सगळं आपल्याकडे घेतलंत आणि मी घेऊ दिलं. तुम्हाला आठवलं होतं म्हणून म्हणालात, की मला हलकं वाटावं म्हणून, हे आता मला कोण सांगणार?

बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे वळून उभे होतात. माझा हात तुमच्या हातावर होता आणि तुम्ही थांबला होतात. मला वाटलं, तुम्ही वारा खाताय.

अहो, मी काय म्हणाले होते ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.